बांधात कोंबलेला निश्चळनाथ

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाला बसता येत नव्हते. सिंहासन होते, सिंहासनावर सोनेरी गवताचे आसन होते, चवऱ्या ढाळणारे होते. पण राजा जरा टेकला की त्याचे पाय त्याला उठवत आणि दरबारभर फिरवत. राजा चाले, त्याच्यामागे प्रधान चाले, प्रधानामागे चवऱ्या चालत. न्यायनिवाडेही चालता चालताच होत, आणि ज्याचा दम टिके त्याच्या बाजूने निकाल लागे. राज्याची काय गत झाली असेल ते तुम्हीच ओळखा.

पण ही गोष्ट राजाची नव्हे, येसूची. राज्याच्या पार टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, खारकोंड नावाचे लहानसे गाव होते. गावची शेते समुद्राकडून हिसकावून घेतलेली. चिखलाचा उंच बांध घालायचा, खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत भात लावायचा. बांध आहे तोवर गाव आहे, हे तिथे पोराबाळांनाही ठाऊक. आणि राजाला जे दुखणे, तेच या गावाला. कुणाला बसता येईना, कुणाला निजता येईना. माणसे चालता चालता जेवत, चालता चालता भांडत. भांडणारे दोन दिशांना निघून जात, त्यामुळे भांडणे लवकर मिटत, एवढाच काय तो फायदा. गुरे रवंथ करता करता डोंगर चढून जात. बायका सकाळी रोपे लावत, तर दुपारी तीच रोपे चिखलातून मुळे उपसून, रांग धरून, शेताबाहेर चालू लागत. मग सगळा गाव त्यांच्या मागे. पकडून आणायची, पुन्हा लावायची, ती पुन्हा निघायची.

येसू चालता चालताच बाळंत झाली. सासू भागाबाई पातेले घेऊन मागून चालत होती. लेक झाली, चांगली सुपाएवढी. पण तिच्या डोळ्याला डोळा लागेना. आईचे पाय थांबत नव्हते आणि लेकीचे हातपाय थांबत नव्हते. जे मूल निजत नाही ते वाढत नाही. आणि खारकोंडच्या या मुलीचे तर त्याहून उलटे झाले. ती दिवसागणिक लहान होऊ लागली. सुपाएवढी होती ती परातीएवढी झाली, मग वाडग्याएवढी. येसूचा जीव टांगणीला लागला. ती रात्रंदिवस बांधावरून चाले आणि अंगाई म्हणे, अन् पोर टक्क उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राही.

त्या बांधावर एक बगळा उभा असे. गावात सगळे फिरत असताना हा एका पायावर निवांत. एके सकाळी येसूला त्याचा असा राग आला, की ती त्याच्याभोवतीच फेऱ्या घालू लागली.

"मेल्या, सगळा गाव वणवण करतोय आणि तू खुशाल उभा?"

"मी या गावचा नव्हे," बगळा म्हणाला. "शाप गावाला आहे. आणि मी उभा आहे ते ढेकळावर नव्हे, डोक्यावर आहे."

"कुणाच्या डोक्यावर?"

"निश्चळनाथाच्या. तुमच्याच लोकांनी त्याला बांधात कोंबला आहे."

मग बगळ्याने सांगितले ते असे. निश्चळनाथ नावाचा एक मोठा मांत्रिक खाडीकाठी ध्यानाला बसला होता. इतका काळ बसला, की भरतीने त्याच्यावर गाळ चढवला, गाळावर शेवाळ आले, शेवाळावर खेकड्यांनी बिळे केली. बघणाऱ्याला तो चिखलाचा गोळाच वाटे. गेल्या वर्षी उधाणात बांधाला खांड पडली, पाणी आत घुसू लागले. आता खारकोंडची रीत अशी, की खांड पडली की घरटी एकाने तिच्यात बसायचे. पहिल्याने पाठ समुद्राला लावायची, त्याच्या मांडीवर दुसऱ्याने, दुसऱ्याच्या मांडीवर तिसऱ्याने, अशी माणसांची भिंत करून पाणी ओसरेपर्यंत हलायचे नाही. याला बांधाला बसणे म्हणत. पण त्या दिवशी घरोघरी कोंबडी शिजत होती आणि गार पाण्यात बसायला कुणी तयार होईना. इतक्यात कुणाला तरी तो मोठा गोळा दिसला. चार जणांनी उचलला आणि दिला खांडीत ठोकून. गाव जेवायला मोकळा झाला.

"नाथाने शाप दिला," बगळा म्हणाला. "माझी बैठक मोडलीत, तुम्हाला बैठक मिळणार नाही. तोंडात चिखल होता म्हणून कुणाला ऐकू गेला नाही. पण शाप लागायला तो ऐकू जावा लागत नाही."

येसूने कपाळावर हात मारला. त्या कोंबडीचा रस्सा तिनेही वाढला होता.

"त्याला बाहेर काढलं तर?"

"तीन गोष्टी कराव्या लागतील. त्याचं आसन आण. त्याचा कमंडलू आण. आणि तो म्हणतो, भरतीत कोंबलंत तर भरतीतच काढा. त्याच्या जागी कुणीतरी बसलं पाहिजे, नाहीतर समुद्र तुमचं गाव गिळेल."

"बसता येत नाही म्हणून तर रडतोय आम्ही!"

"ते मला सांगू नकोस," बगळा म्हणाला, आणि त्याने पाय बदलला.

आसन कुठे होते ते येसूला माहीत होते. गोळ्याखाली सोनेरी गवताचे आसन सापडले, तेव्हा गावाने मोठ्या हौसेने ते राजाला नजराणा म्हणून पाठवले होते. ती लेकीला पदरात बांधून निघाली. पाय नाहीतरी चालतच होते. या वेळी त्यांना वाट तरी मिळाली. ती राजधानीला पोहोचली तेव्हा पोर पेल्याएवढी झाली होती.

दरबारात राजा फेऱ्या मारत होता. येसू त्याच्या बरोबरीने चालू लागली. प्रधान दचकला, कारण राजाशी जुळतील अशी पावले अजून कुणाची पडली नव्हती.

"महाराज, अभय असावं. ते आसन मला द्या. ते शापित आहे."

"ते आमच्या खजिन्यातलं सर्वांत सुंदर रत्न आहे."

"ज्यावर बसता येत नाही त्याला घेऊन करायचं काय, महाराज?"

राजा पुढे गेला, खांबाला वळसा घालून परत आला. "आणि आम्ही दिलं नाही तर?"

येसूने पदर उघडून दाखवला. राजाने आत बघितले. दोन काळे डोळे त्याच्याकडे टक लावून बघत होते. राजालाही वर्षभर झोप नव्हती. त्याने ते डोळे ओळखले.

"हे लेकरू उद्या केवढं होईल?"

"उद्याचं विचारू नका, महाराज," येसू म्हणाली आणि तिला रडू फुटले.

राजाने सिंहासनावरचे आसन स्वतः ओढून काढले. आसन दिल्याने त्याचे पाय थांबतील असे त्याला वाटले होते, पण नाथ अजून बांधातच होता. "आम्ही बरोबर येतो," राजा म्हणाला. "नाहीतरी चालायचंच आहे." प्रधानाने पालखी मागवली, पण पालखीत बसणार कोण? राजा चालतच निघाला.

कमंडलू खाडीतल्या सुसरीच्या पोटात होता, हे बगळ्याने येसूला सांगून ठेवले होते. नाथाला उचलतानाच्या ओढाताणीत तो घरंगळला आणि सुसरीने मासा समजून गिळला. तेव्हापासून तीही खाडीत गोल गोल फिरत होती. कमंडलू पोटात खडखडे आणि मासे आवाजानेच पळून जात. बिचारी उपाशी होती.

"बाई, तोंड उघड. मी कमंडलू काढते," काठाने चालत येसू म्हणाली.

"पोहता पोहता तोंड उघडलं तर पाणी शिरतं," सुसर म्हणाली. "मला थांबता येत नाही."

राजाने तलवार उपसली. येसूने त्याचा हात धरला. राजाचा हात धरू नये हे तिच्या ध्यानातच राहिले नाही. "थांबा महाराज. भरती संपते आणि ओहोटी अजून लागायची असते, तेव्हा खाडी क्षणभर उभी राहते. पाणीच उभं राहिलं तर ही जाईल कुठे?"

ते पाण्यात कमरेइतके उतरले आणि तसेच जागच्या जागी पाय हलवत राहिले. शेवटी पाण्यावरचा फेस वाहायचा थांबला. सुसर थांबली. तिने जबडा उघडला, येसूने काखेपर्यंत हात आत घातला आणि कमंडलू बाहेर काढला. सुसरीने आभार मानले आणि राजाच्या पायाकडे भुकेने बघितले. मग विचार बदलून ती मासे धरायला गेली.

दुसऱ्या दिवशी गावात पोहोचले तेव्हा पोर ओंजळीएवढी झाली होती. आणि दुपारचे उधाण चढत होते.

येसूने हाळी दिली. गाव चालत चालत गोळा झाला. तिने सगळे सांगितले तसे सगळ्यांचे चेहरे पडले. गावकर भिवसेन म्हणजे गावाचा मुख्य. तो म्हणाला, "येसू, चूक आमची. पण बसायचं कसं? बूड टेकतं न टेकतं तोच पाय उठवतात."

"एकेकट्याला उठवतात. मांडीवर दुसरा बसला तर पाय काय करतील?"

गावकराने विचार केला. मग धोतर खोचले आणि तो बांधात उतरला. चौघांनी खणून नाथाला बाहेर ओढले. त्याबरोबर खांड मोकळी झाली आणि समुद्र आत उसळला. गावकराने पाठ समुद्राला लावली आणि अंग टाकले. पाय त्याला उठवू लागले तोच येसूचा नवरा धाकू त्याच्या मांडीवर बसला. धाकू उठू लागला तोच दुसरा, मग तिसरा. घरटी एक माणूस बसले, तरी खांड भरेना, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्याही बसल्या. पाणी त्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागले. एका माणसाची जागा अजून मोकळी होती आणि तिच्यातून धार लागली होती.

"मी बसते," येसू म्हणाली.

"लेकुरवाळीला बांधाला बसवत नाहीत," रांगेच्या टोकाला बसलेली भागाबाई ओरडली. "अशी रीत नाही!"

"आत्याबाई, रीत पाळायची होती ती गेल्या वर्षी."

आणि ती सासूच्या मांडीवर बसली. भागाबाईने तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. पण येसूच्या मांडीवर होती ती फक्त ओंजळभर पोर, आणि तिचे वजन ते किती? येसूचे पाय तिला उठवू लागले. ती उठली तर मागची उठणार, मागची उठली तर सगळी रांग उठणार, आणि गाव बुडणार.

तिकडे निश्चळनाथ बांधावर उभा राहून अंगावरचा चिखल पुसत होता. त्याने आसन झटकले. उलटसुलट करून पाहिले. मग विचारले, "पूर्व कोणती?"

"नाथबाबा, बसा!"

"घाईने बसलेलं बसणं खरं नव्हे," नाथ म्हणाला आणि कमंडलूतले पाणी शिंपडू लागला.

येसू चार बोटे वर उठली. पाण्याने उसळी घेतली. तेव्हा राजा, जो इतका वेळ बांधावर येरझाऱ्या घालत होता, त्याने मुकुट काढून प्रधानाच्या हातात दिला, खाली उडी घेतली आणि तो त्या शेतकरणीच्या पायांवर बसला. बांधात रोवलेली एक लाकडी मेढ दोन्ही हातांनी धरली आणि सगळे अंग खाली रेटले. त्याचे स्वतःचे पाय चिखलात थयथयत होते. प्रधानाने डोळे मिटून घेतले.

येसू नाथाकडे बघून ओरडली, आणि तिचा आवाज खाडीच्या पल्याड गेला. "बैठक मोडली म्हणून रागावलात, रास्त आहे! चूक गावाची, शिक्षा गावाला द्या. पण माझ्या पोरीने कुणाचं आसन ओढलं? ती अजून एकदासुद्धा निजली नाही हो, नाथबाबा! एकदासुद्धा!"

नाथाचा हात हवेत थांबला. इतकी वर्षे तो डोळे मिटून बसला होता. समोर कोण आहे ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याने पाहिले. चिखलात गळ्याइतके बुडालेले गाव, पायाशी राजा, आणि येसूच्या ओंजळीत दोन उघडे डोळे. त्याला लाज वाटली. मांत्रिकांना ती क्वचितच वाटते.

पूर्व कोणती ते न विचारता निश्चळनाथ दिसेल त्या बाजूला तोंड करून खाली बसला.

त्याच क्षणी सगळ्या गावाचे पाय शांत झाले. रस्त्याने निघालेली रोपे वळली आणि आपापल्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. डोंगरावरची गुरे मट्कन खाली बसली. राजाचे पाय थयथयायचे थांबले, आणि वर्षभरात पहिल्यांदा तो बसला. चिखलात बसला, पण बसला.

उधाण आले तेवढे आले आणि हळूहळू ओसरू लागले. खांड उघडी पडली. आता उठायचे, पाट्या भरून चिखल घालायचा आणि बांध पुरा करायचा, एवढेच काम उरले होते. गावकराने मागून विचारले, "उठायचं का?"

राजाने मान वळवली. येसू हलत नव्हती. तिच्या ओंजळीत पोरीचे डोळे मिटले होते. छाती एका लयीत वरखाली होत होती. आणि झोपेत तिची इवलीशी मूठ बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली.

"हळू बोला," येसू म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

मग राजाने ओठांवर बोट ठेवले, ते प्रधानाने पाहिले, गावकराने पाहिले, नाथाने पाहिले, आणि सगळा गाव त्या चिखलात तसाच बसून राहिला. बांध दुसऱ्या भरतीआधी पुरा झाला, राजा राजधानीत जाऊन साध्या पाटावर बसून न्याय देऊ लागला, हे सगळे पुढे झाले. पण त्या दुपारी ती पोर पुरती सुपाएवढी होईपर्यंत कुणी उठले नाही. तिला आली तशी झोप तुमच्याआमच्या घरच्या लेकरांना येवो.