भरल्या पानावरून उठलेला राजा

एका राज्यात वेगराज नावाचा राजा राज्य करीत होता. आईबापांनी नाव ठेवताना एवढा विचार केला नसेल, पण निघालं खरं. राजाला कशाचाच म्हणून धीर नव्हता. भूक लागली की भात कच्चा असला तरी चाले, आणि पोट भरलं की क्षणभर बसवत नसे. त्या राज्याची रीत अशी, की राजा उठला की पंगत उठलीच पाहिजे. मग कुणाचा पहिला भात का चालला असेना! राजाची एकुलती एक लेक हेमलेखा सावकाश जेवणारी होती. तिचं पान रोज अर्धं राही.

एकदा शिकारीहून परतताना राजा नदीकाठच्या गिरजाईच्या भोजनशाळेत शिरला. लोक वाट वाकडी करून तिथे जेवायला येत, दुपारभर बसत, सुखदुःखाचं बोलत. गिरजाईला मंत्र येत, पण ती ते फक्त फोडणीला वापरी. राजाने चार घास कोंबले आणि तो उठला. सगळे वाटसरू अर्धपोटी उठले. एका म्हाताऱ्याने तोंडाशी नेलेला घास पुन्हा पानात ठेवला. ते पाहून गिरजाईचं काळीज तुटलं.

"राजा, भरल्या पानावरून माणसं उठवलीस," ती म्हणाली. "आजपासून तुझ्या घरात घास घशाखाली उतरणार नाही."

राजा न चावता गिळणारा, त्याचा घास शापालाही सापडला नाही. शाप लागला तो हेमलेखेला. पोर दिवसेंदिवस वाळत चालली. वैद्यांनी हात टेकले. राजा वेड्यासारखा महालात येरझारा घालू लागला. तेव्हा पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, की शाप जिथे लागला तिथेच सुटेल. राजाने लेकीला मेण्यात घातलं आणि तो नदीकाठी गेला.

गिरजाईने तीन कामं सांगितली. पहिलं, दुधाला विरजण लावायचं आणि दही लागेपर्यंत भांड्याला हात लावायचा नाही. राजाने भांडं हलवून पाहिलं मात्र, दूध उठलं आणि गाईच्या आचळात परत गेलं. मग राजाने स्वतःचे हात उपरण्याने बांधून घेतले, तेव्हा कुठे दही लागलं. दुसरं, मंद आचेवर भात शिजवायचा, झाकण काढायचं नाही. राजाने डोकावलं, तर तांदळाच्या चिमण्या झाल्या आणि शेतात जाऊन लोंब्यांत बसल्या. पुन्हा चूल पेटवली. यावेळी राजा चुलीकडे पाठ करून बसला आणि प्रथमच त्याला शिजत्या भाताचा वास आला.

तिसरं काम, पंगतीत बसायचं आणि शेवटचं पान होईतो उठायचं नाही. राजाला वाटलं, हे तर सोपं आहे.

पंगत बसली. राजाचं जेवण झालं, वाटसरूंचं झालं. हेमलेखा मात्र पानाकडे नुसती बघत होती. राजाचा हात वाळला, पायांना मुंग्या आल्या. एवढ्यात प्रधान कानाशी लागला, की परराज्याचा दूत दारात ताटकळला आहे, आताच भेटलं नाही तर तह मोडेल. राजाचा एक गुडघा उचललाच होता. तेवढ्यात त्याला दिसलं, की त्याचा गुडघा हलताच लेकीने मुकाट्याने पान पुढे सारलं. हे ती रोज करीत असणार. तो पुन्हा मांडी घालून बसला.

"दूताला इथेच पान वाढा," तो म्हणाला.

दूत बसला, जेवू लागला. ऊन कलंडलं. हेमलेखेने बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही उठला नाहीत?"

"नाही, बाळ. सावकाश होऊ दे."

तिने दहीभाताचा एवढासा घास घेतला. तो उतरला. गिरजाईने डोळ्यांना पदर लावला आणि आणखी भात वाढायला घेतला. त्या दिवसापासून त्या राज्याची रीत बदलली. सगळ्यांत सावकाश जेवणारा उठला, की मगच राजा उठे.

त्या पंगतीला जशी उसंत मिळाली, तशी ती तुमच्या-आमच्या पानालाही मिळो.