मुठीचे अनारसे

केळझरी गावात एका अंगाला इनामदारांची आळी होती आणि दुसऱ्या अंगाला कोष्ट्यांची. मधून ओढा वाहायचा, आणि ओढ्याकाठच्या चिंचेखाली सदूबुवा महाराजांची झोपडी. दोन्ही आळ्या महाराजांना सारख्याच जवळ. रोज सकाळी ते पाच घरी भिक्षेला जायचे आणि प्रत्येक घरून एक मूठ घ्यायचे. कुणी भक्तीने भरले सूप पुढे केले तर म्हणायचे, "माय, मूठ पुरे. सुपाला माझी झोळी घाबरते."

कोष्टी आळीतल्या येसूवर महाराजांचा फार लोभ होता. तिचा नवरा केरबा मागावर बसायचा आणि ही शेजारी बसून कांड्या भरायची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, म्हणजे हात कामाला आणि पाय लेकराला. थोरली चिमी पाच वर्षांची, धाकटे पाळण्यात. मागच्या वर्षी येसूने हौसेने वाण्याकडून दिवाळीचे सामान उधार आणले होते. चार दिवसांचा सण, पण संक्रांत उलटली तरी उधारी फिटेना. तेव्हा ती महाराजांपुढे बसून रडली होती.

महाराज म्हणाले होते, "सण अंगणात आल्यावर धावाधाव करू नये, पोरी. तो लांबून चालत येत असतो. श्रावण लागला की चूल पेटवण्याआधी दोन मुठी बाजूला काढत जा. पहिली दारी येणाऱ्याची, दुसरी सणाची. उरेल त्यात घर चालव. आणि सणासाठी उसनं आणू नकोस. बाकी मी आहे."

येसूने ते शब्द पदराच्या गाठीत बांधावेत तसे मनात बांधले. श्रावणापासून कोनाड्यात दोन गाडगी मांडली. एखाद्या दिवशी तांदळाच्या मडक्याचा तळ दिसायचा. त्या दिवशी ती चिमीला हाक मारायची आणि म्हणायची, "आज तुझ्या मुठीनं काढू." मूठ लहान, म्हणून दाणे कमी जात. चिमीला मात्र वाटायचे, आज आपला मान आहे.

ही गोष्ट ओढ्यावर धुणे धुता धुता गावभर झाली. इनामदारांच्या भिवराकाकूंना तर हसायला निमित्तच मिळाले. त्यांच्या मथूची लग्नानंतरची ही पहिली दिवाळी. पाडव्याला जावई, विहीणबाई आणि सोनगावचे चाळीस-पन्नास पाहुणे यायचे होते. घरात सामानाच्या गोण्या येऊन पडल्या होत्या.

"काय गं येसू," काकू धुण्याच्या दगडावरून म्हणाल्या, "मुठीमुठीनं दिवाळी करतेस म्हणे. मग पणत्यांत तेल काय थेंबाथेंबानं घालणार?"

"होय काकू. वात तेवढंच पिते," येसू म्हणाली.

बायका हसल्या, पण या खेपेला काकूंकडे बघून हसल्या. तेवढे काकूंच्या मनात राहिले.

धनत्रयोदशीच्या आत येसूने मुठीमुठीचे तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले, कुटून गुळात मळून ठेवले. चतुर्दशीला संध्याकाळी अनारसे तळायला बसली. बाराच झाले. पण काय जाळी पडली होती एकेकाला. चिमी हात पाठीमागे धरून ताटाभोवती फिरत राहिली. पाडव्याचा नैवेद्य झाल्याशिवाय मागायचे नाही हे तिला ठाऊक होते.

केळझरीची एक रीत होती. पाडव्याला कुणाकडून फराळाचे ताट आले की त्याच दिवशी ते परत करायचे, आणि रिकामे कधी करायचे नाही. आपल्या घरचे काहीतरी त्यात भरून धाडायचे. आलेलेच उलटून भरणे म्हणजे अपमान.

पाडव्याच्या सकाळी काकूंचा गडी येसूच्या दारात उभा राहिला. त्याच्या डोक्यावर लग्नातली परात होती. तिच्यात पन्नास माणसांची कणीक मळली जायची. आणि त्या एवढ्या पितळेच्या मधोमध शंकरपाळे होते, मोजून एक मूठ.

गडी खाली बघत म्हणाला, "काकूंनी सांगितलंय, विहीणबाईंना कोष्टी आळीचा फराळ बघायचा आहे. ओवाळणीच्या आधी परात भरून घेऊन ये."

गडी गेला. केरबा मागावरून उठला आणि टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "वाण्याकडं जातो. एवढा एकच दिवस. चारचौघांत शोभा होईल आपली."

"शोभा आजच्या दिवसाची, उधारी शिमग्यापर्यंतची," येसू म्हणाली.

"मग त्या पहिल्या गाडग्यात आहेत की तांदूळ."

"ते दारचे आहेत. आपले नाहीत."

केरबाने टोपी काढून खुंटीला अडकवली. येसूने बाराही अनारसे परातीत मांडले. पाराखाली गोट्या सांडाव्यात तसे ते त्या परातीत दिसले. तिचे डोळे भरून आले. हसतील ते आपल्याला एकटीला नाही, महाराजांच्या शब्दाला हसतील, हे तिला लागत होते.

तेवढ्यात दारातून हाक आली, "माय, मूठ."

महाराज उभे होते. येसूने पहिल्या गाडग्यातली मूठ झोळीत घातली. सणाचा दिवस, गोडाशिवाय त्यांना कसे पाठवायचे? ती परातीकडे वळली आणि थबकली. बारातला एक गेला तर अकराच. पण चिमीच पुढे झाली. "महाराज, हा घ्या. हा सगळ्यांत मोठा आहे."

महाराजांनी तो अनारसा हातात घेतला, कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला परत परातीत ठेवला. मग खांद्यावरचा पंचा काढून परातीवर पांघरला.

"तुझ्या मुठीची चव आहे, चिमणे," महाराज म्हणाले. मग येसूकडे वळले. "इनामदारांच्या ओसरीवर ठेवीपर्यंत पंचा उचलू नकोस. वाटेत जड वाटलं तर थांब, पण परत फिरू नकोस."

येसू परात डोक्यावर घेऊन निघाली. आळी संपेपर्यंत ओझे नुसत्या पितळेचे होते. ओढ्यात पाऊल टाकले आणि चुंबळ डोक्यात रुतली. पैलतीराला मान दुखू लागली. मारुतीच्या देवळापाशी तिला खांबाला टेकावे लागले. मनात येत होते, थकले आहे मी, पहाटेपासून अंग टेकलेले नाही. दुसरे काही मनात आणायचे तिचे धाडस होत नव्हते.

इनामदारांच्या मागल्या दाराने गूळ जळल्याचा वास येत होता. तिथे एक मोठी कढई पालथी पडली होती. मोलकरीण पुढे झाली आणि कुजबुजली, "अगं, सगळे हसले." अनारसा तुपात पडून विरघळला, पसरला की तो हसला म्हणतात. काकूंनी पायलीभर तांदूळ भिजवले होते, पण पाहुण्यांच्या गडबडीत तीन दिवसांचे काम एका रात्रीत उरकले होते. जावयाच्या ताटात अनारसे हवेत, आणि घरात एक धड नव्हता.

ओसरीवर पाट मांडलेले. पाहुण्यांची पंगत बसलेली. विहीणबाई तक्क्याला टेकून विचारत होत्या, "अनारसे दिसत नाहीत ते, भिवराबाई?"

काकूंना येसू दिसली आणि जणू आधार मिळाला. आपली लाज झाकायला दुसऱ्याची उघडी करावी, एवढेच त्या घडीला सुचले. "थांबा विहीणबाई, आधी गंमत बघा. आमच्या कोष्टी आळीचा फराळ आलाय," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने पंचा उचलला.

परात काठोकाठ भरलेली होती. तांबूस, जाळीदार अनारसे थरावर थर रचलेले, वर खसखस, आणि आत्ता कढईतून काढल्यासारखी त्यांच्यातून वाफ येत होती.

विहीणबाईंनी एक उचलला, मोडला, खाल्ला. "वा," त्या म्हणाल्या. "असा अनारसा मी माझ्या आईच्या हातचा खाल्ला होता. हात कुणाचा हा, भिवराबाई? तुमचा?"

काकूंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर सगळेच उघडे पडते. येसूने ते पाहिले. सकाळपासून पोटात साचलेले सगळे त्या क्षणी बोलून टाकता आले असते. ती हळूच म्हणाली, "परात काकूंचीच आहे, विहीणबाई."

अनारसे वाढले गेले. जावयाला वाढले, पन्नास पाहुण्यांना दोनदा वाढले, गडीमाणसांना दिले. मथू वाढता वाढता थकली. पंगत उठली तेव्हा परातीच्या तळाशी बारा अनारसे उरले होते, आणि त्यांतल्या एकाची कड मोडलेली होती.

काकू त्या मोडक्या कडेकडे बघत राहिल्या. मग विहीणबाईंसमोरच त्यांनी येसूचा हात धरला. "हात हिचा आहे. माझे सगळे तुपात गेले. आणि परात मी हिच्यावर हसायला धाडली होती. हिनं मात्र तुमच्यापुढं माझी लाज राखली."

विहीणबाईंनी परातीवर पुन्हा पंचा पांघरला. मग म्हणाल्या, "मग बारा अनारसे तिच्या घरी जाऊ द्या. लेकरं वाट बघत असतील."

त्या दिवशी ऊन कलायच्या आत चिमीच्या हातात तिचा अनारसा पडला. आणि इनामदारांच्या भिवराकाकू रिकामी परात स्वतःच्या डोक्यावर घेऊन, चपला न घालता, ओढ्याकाठी आल्या. येसू त्यांच्यामागे होती. काकूंनी परात महाराजांपुढे ठेवली आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"महाराज, एवढं सामान आणलं, एवढं तूप ओतलं, आणि माझ्या घरात पाहुण्यापुढं ठेवायला काही नव्हतं," त्या म्हणाल्या.

महाराज हसले. झोळीत हात घालून त्यांनी तांदूळ काढले. सकाळी येसूच्या दारी मिळालेलीच ती मूठ. ती त्यांनी परातीच्या मधोमध ठेवली.

"केळझरीची रीत आहे ना, माय? रिकामी परात पाठवायची नाही," महाराज म्हणाले. "उद्या चूल पेटवण्याआधी हिच्यात अशी एक टाका. आणि ती कशी काढायची, ते चिमीला विचारा."

काकूंनी त्या एवढ्याशा तांदळांकडे पाहिले. मग भरल्या डोळ्यांनी वाकल्या, आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवून बराच वेळ उठल्या नाहीत.