झाकण लावण्यापूर्वी

एकदा एका वृद्ध शिक्षकाने आपल्या शिष्येचा लॅपटॉप तिच्या डोळ्यांदेखत स्क्रूड्रायव्हरने उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लॅपटॉप घेऊन तिला चौकशी समितीपुढे जायचे होते.

शिष्या तरुण होती, कायदा शिकलेली होती, एका कामगार संघटनेत काम करीत होती आणि स्वस्थ बसणे तिला ठाऊक नव्हते. गावाबाहेरच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातला मुकादम बायकांना त्रास देतो, हे सर्वांना माहीत होते. पण बोलायला कोणी तयार नव्हते. शिष्या कामगारांच्या वस्तीत जाऊन बसली. दिवसामागून दिवस बसली. अखेर एक बाई बोलल्या. त्यांचे खरे नाव सांगण्याचे कारण नाही, आपण मैनाबाई म्हणू. त्यांची अट एवढीच होती, "ताई, माझं नाव कुठं येऊ दिऊ नगंस. धाकटी भन तिथंच कामाला हाय." तिने मुद्रित केलेला तो आवाज लॅपटॉपमध्ये होता आणि समितीला बंद खोलीत ऐकवायचा होता.

संगणकातले जे काही तिला येत होते, ते या शिक्षकांनीच शिकवलेले. सायकलच्या दुकानाच्या माडीवर बसून ते जुने संगणक दुरुस्त करीत आणि त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून गरजूंना देत. त्यांची एक सवय मात्र तिला खटके. पाणी प्यायला उठले तरी ते आधी कळ दाबून आपल्या संगणकाचा पडदा कुलूपबंद करीत. खोलीत तिच्याशिवाय कोणी नसले तरीसुद्धा.

"सर, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"आहे की."

"मग कुलूप कशाला? आमच्या संघटनेच्या खोलीला कडीसुद्धा नाही. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला कुलूप लागत नाही!"

ते हसत आणि पाणी पीत.

त्या दुपारी ती जिना चढून धापा टाकत आली. "घ्या, तुमच्या समाधानासाठी पडद्याला पासवर्ड घातला. फायलींच्या परवानग्याही बदलल्या. यात तुमचं लिनक्स आहे, युनिक्सच्या घराण्यातलं, सर. माझी फाइल माझ्याशिवाय कोणी वाचू शकत नाही. आता तरी झालं?"

 शिक्षकांनी खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि लॅपटॉप उलटा केला.

"सर! काय करताय? उद्या सकाळी जीप येणार आहे!"

"हा बारका स्क्रू धर. हरवला तर माझ्याच नावानं ओरडशील."

तळाचा पत्रा निघाला. आतली डिस्क त्यांनी काढली, एका डबीत बसवली आणि डबीची वायर आपल्या संगणकाला जोडली. पासवर्ड कोणी विचारला नाही. परवानगी कोणी मागितली नाही. पुढच्याच क्षणी खोलीत मैनाबाईंचा आवाज घुमला, "ताई, माझं नाव कुठं..."

त्यांनी तो तिथेच तोडला. खाली दुकानात गिऱ्हाइकांचा गलका चालू होता. शिष्येने धावत जाऊन खिडकी लावली आणि खिडकीला पाठ टेकून ती उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"मीसुद्धा हे ऐकायला नको होतं," शिक्षक म्हणाले.

"पण परवानग्या घातल्या होत्या, सर..."

"त्या पाळणारा पहारेकरी तुझ्या यंत्रात होता. डिस्क त्याच्या हातून गेली. माझ्या यंत्रातला पहारेकरी माझं ऐकतो. पडद्याचं कुलूप म्हणजे पुढचं दार. तू चहाला गेलीस तर ते उपयोगी. पण बॅगच पळवणारा दारात कशाला थांबेल? डिस्कवरचं सगळं सांकेतिक लिपीत गेलेलं असेल, एन्क्रिप्शन केलेलं असेल, तर त्याच्या हाती नुसता कचरा लागेल. दोन्ही हवं. आणि झाकण लावलं की यंत्र फक्त झोपतं, ती लिपी उलगडणारी किल्ली त्याच्या मुठीतच राहते. पूर्ण बंद केलंस, तरच मूठ रिकामी होते."

त्यांनी डबीवर बोट ठेवले. "तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे खरं आहे. तुझं आयुष्य उघडं ठेव, मला त्याचं कौतुकच आहे. पण हा आवाज तुझा नाही. त्या बाईनं तो तुझ्याकडे ठेवायला दिलाय. दुसऱ्याच्या ठेवीवर आपण मोकळेपणा मिरवायचा नसतो, पोरी."

तिने खुर्ची ओढली. मग दोघे कामाला लागले. आधी फायलींची प्रत सुरक्षित काढली, मग डिस्क पुसून एन्क्रिप्शनसह सगळे नव्याने घालायला घेतले. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि ती खोलीत येरझाऱ्या घालीत होती.

"किती वेळ, सर?"

"लागेल तेवढा. तोवर परवलीचे शब्द ठरव. एकमेकांशी संबंध नसलेले, भरपूर. आणि कोणाला सांगू नकोस."

"तुम्हालाही नाही?"

"मला तर मुळीच नाही."

संध्याकाळी काम पुरे झाले. ती पाणी प्यायला उठली, आणि उठता उठता तिचे बोट कळेवर गेले. पडदा कुलूपबंद झाला.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" शिक्षकांनी विचारले.

"आहे की," ती म्हणाली.

सकाळी निघण्यापूर्वी ती माडीवर शेवटची तपासणी करीत होती. खालून जीपचा हॉर्न वाजला. "ताई, चला लवकर! घाटात ट्रक लागले की अडकू!" तिने सवयीने झाकण लावले, लॅपटॉप बॅगेत सरकवला, जिन्यापर्यंत गेली आणि थबकली. परत येऊन तिने लॅपटॉप बाहेर काढला, झाकण उघडले, पासवर्ड घातला आणि यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली.

हॉर्न पुन्हा वाजला.

"आले हो, दादा, थांबा जरा!" ती ओरडली, पण नजर हलवली नाही. कडेचा बारीक दिवा विझेपर्यंत ती उभी राहिली. मगच तिने लॅपटॉप बॅगेत घालून चेन ओढली.

तुमच्या-माझ्या यंत्रांत आज कोणाकोणाचे आवाज ठेवलेले आहेत? आणि आपण नुसते झाकण लावून निघालो आहोत का?