सरूबाईचा घास

"म्हणजे जन्मदात्या आईला मी उपाशी मारतोय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

दाजीबा तावातावाने बोलत होता. समोर मठाचे गुरू धुंडीनाथबाबा, डोळे मिटून बसलेले.

हा दाजीबा त्यांचा शिष्य आणि मठातला वाढपी. गडी वाढायला एक नंबर, हे कबूल करायलाच हवं. भंडाऱ्याच्या पंगतीत याने आग्रह केला की ढेकर दिलेला माणूससुद्धा पुन्हा पानावर वाकायचा. पण तोराही तसाच! 'माझ्या हातून कधी कुणी उपाशी उठला नाही,' हे येता-जाता ऐकवणार.

आणि याची सख्खी आई, सरूबाई, याच्याच हातचा घास थुंकून टाकत होती.

म्हातारीची दशा वाईट होती. डोळ्यांत मोतीबिंदू, कान गेलेले. दूध करपून घर धुराने भरलं तरी तिला वास यायचा नाही. त्यात भर म्हणून डोक्यातली माणसं एकेक करून निघून गेली. मुलाची ओळखही गेली त्यांच्यात. आता अंगावर नुसती हाडं उरली होती.

"भरवतोस कसा?" बाबांनी विचारलं.

"पंगतीत वाढतो तसाच. वरून वाकून, आग्रह करून. 'घे आये, घे' म्हणून ओरडतो. हात आडवा घातला तर तो बाजूला सारून भरवतो. आधी विचारतो, मी कोण ते सांग..."

"सांगते?"

"म्हणते, मेलेलं माणूस माती चारतंय मला." दाजीबाने बाबांचे पाय धरले. "बाबा, वैद्यांनी हात टेकले. असंच चाललं तर ती जगायची नाही म्हणतात. मी काय करू, ते सांगा!"

बाबांनी मठामागच्या गुहेकडे बोट दाखवलं.

"आत जाऊन बस."

त्या गुहेत कड्यातून पाणी कोसळतं. काळोख असा की डोळ्यांपुढे धरलेला हात दिसू नये, आणि पाण्याचा घोंघाट असा की आपली हाक आपल्याला ऐकू येऊ नये. आत जायला वाट एकच. तिच्या तोंडाशी बाबा बसले. घरून उचलून आणलेल्या सरूबाईला शेजारी भिंतीला टेकवून बसवलं.

दाजीबा आत जाऊन बसला. बराच वेळ काहीच नाही...

मग त्याच्या ओठांना काहीतरी लागलं.

थंड. ओलं.

बोटं होती ती. त्यांनी ओठ चाचपले, फटीतून आत शिरली आणि काहीतरी गिळगिळीत जिभेवर ठेवलं. दाजीबाने किंचाळून तो हात झटकला. स्वतःची किंचाळी त्याला ऐकू आली नाही. हात पुन्हा आला. घाई नाही, राग नाही... पुन्हा ओठांशीच.

दाजीबा धडपडत बाहेर आला तेव्हा त्याची बोबडी वळली होती. बाबा जागचे हलले नव्हते. सरूबाई भिंतीला टेकून तशीच बसली होती. तिच्यासाठी आणलेली दूधभाताची वाटी झाकलेलीच होती.

"आत... आत कुणीतरी आहे!"

"काय चारलं?"

"माती! थंडगार माती..."

त्याने तोंड पुसलं आणि तळहाताकडे बघतच राहिला. हाताला दूधभात लागला होता.

"तोंड का नाही उघडलंस?"

"कसं उघडणार? दिसेना, ऐकू येईना! निदान तो हात आधी माझ्या हातात तरी द्यायचा..."

बोलता बोलता दाजीबा थांबला.

मग तो उठला आणि आईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. ओरडला नाही. आपला रिकामा तळहात तिच्या हातात दिला. म्हातारीने तो सावकाश चाचपला. बोटं, नखं, पळी धरून पडलेले घट्टे. गालाला लावून पाहिला. मग त्याने तिचा हात आपल्या हातावर ठेवला आणि तसाच घास उचलला. अर्ध्या वाटेवर ती स्वतःच त्याचं मनगट ओढू लागली.

घास गिळला. मग आणखी एक.

'मी कोण?' हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही. नुसता रडत राहिला बिचारा, आणि भरवत राहिला.

वाटी संपली. दाजीबाने डोळे पुसले. गुहेकडे पाहायची काही त्याची छाती झाली नाही.

"बाबा... आतला तो हात कुणाचा होता?"

बाबांनी गुहेतल्या काळोखाकडे पाहिलं.

"अजून तुझ्यासाठी पुढे केलेलाच आहे तो," ते म्हणाले. "भूक लागेल तेव्हा जा."