जानकीनं लावलेली पेस्ट

एका गावात एक गिरणीवाली होती. नाव गिरजाक्का. शिक्षण चौथी, जीभ तिखट आणि हात सदा पिठात. एक दळण उतरून दुसरं चढेपर्यंत जेवढा वेळ मिळे, तेवढ्यात ती मोबाइलमधल्या एका ॲपवर जानकी नावाच्या सुनेची कथा लिही. रोज एक भाग. गावोगावची माणसं ती नेटवर वाचत. ज्वारी घेऊन आलेल्या बायका विचारत, "अक्का, जानकीच्या सासूचं पुढं काय?"

ही म्हणे, "आधी डबा ठेव. रांगेत सासूसुद्धा थांबते."

कथांच्या त्या ॲपवर एक स्पर्धा लागली. पहिल्या आलेल्या कथेचं पुस्तक छापणार होते. गिरजाक्काचं नाव आजवर छापून आलं होतं ते फक्त रेशनकार्डावर, तेही चुकीचं. तिला ते पुस्तक हवं होतं. लपवायचं कशाला, फार हवं होतं.

तिची कथा सगळ्यांच्या पुढं होती. कथा द्यायची मुदत संपली होती आणि निकालाला तीन दिवस उरले होते. नियम एकच, पण कडक. मुदतीनंतर निकाल लागेपर्यंत कुठल्याही भागात एक अक्षर जरी बदललं, तर कथा बाद.

बाराव्या भागात जानकीच्या लेकीचा हात उकळत्या दुधानं पोळतो. जानकी दात घासायची पेस्ट चोपडते आणि लेक हसते. हा भाग वाचून लोक ढसाढसा रडले होते. त्याच भागाखाली त्या दिवशी रेश्मा नावाच्या बाईनं लिहिलं, "ताई, काल माझ्या पोरीच्या हातावर गरम डाळ सांडली. तुमच्या जानकीसारखी पेस्ट लावली. डॉक्टरांना ती खरडून काढावी लागली. पोर लई ओरडली. तुमच्यावर राग नाही. गोष्ट छान आहे."

शिवी दिली असती तर गिरजाक्कानं दुप्पट परत केली असती. हे 'छान आहे' मात्र तिला गिळवेना. तिनं गिरणी बंद केली.

धाकटी जाऊ मालन म्हणाली, "अक्का, गोष्टच आहे ती. निकाल लागू द्या, मग बदला. तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

"तीन दिवस कुणाच्या घरी चूल पेटणार नाही काय गं?"

मालननं पाट पुढं सरकवला.

गिरजाक्कानं तिथंच पाटावर बसून बारावा भाग पुन्हा लिहिला. आता जानकी लेकीचा हात वीस मिनिटं साध्या पाण्याच्या धारेखाली धरते आणि तशीच दवाखाना गाठते. भागाच्या डोक्यावर अक्कानं लिहिलं, "आधी लिहिलं होतं ते चूक होतं. चूक माझी. पेस्ट लावू नका."

संध्याकाळी निरोप आला. कथा बाद. अक्कानं पदरानं मोबाइलच्या काचेवरचं पीठ पुसलं, निरोप पुन्हा एकदा वाचला आणि पट्टा चढवून गिरणी सुरू केली. पुस्तक दुसऱ्याच कुणाचं निघालं. तिनं अभिनंदनही लिहिलं, दात आवळून का होईना.

महिन्याभरानं बाराव्या भागाखाली कुणा अनोळखी बाईची ओळ आली, "पोराचा हात तव्याला लागला. जानकीनं केलं तेच केलं. फोडसुद्धा आला नाही."

अक्कानं मालनला हाक मारली. "वाच गं हे. मोठ्यानं वाच, गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही."

तात्पर्य: गोष्ट मनची असली तरी वाचणाऱ्याचा हात खरा असतो. चूक कळली की मानाची वाट बघत बसू नये, आधी ती खोडावी.