ज्यानं उठवलं त्यानं झोपवावं

अमृतराव देशमुखांना दुपारची झोप फार प्यारी. त्यांनी दवंडीच पिटली होती, की जो आमची झोप मोडेल त्यानं गाव सोडायचं. तेव्हापासून कुत्रीसुद्धा बेतानं भुंकायची. पण शेजारच्या तुळसा कुंभारणीच्या तान्ह्या लेकीला दात येत होते, तिला कोण समजावणार? एका दुपारी तिनं असा टाहो फोडला, की देशमुख धोतर सावरतच उठले.

तुळसाला लेकीसकट सदरेवर उभं केलं. घर सुटणार हे तिला दिसत होतं, पण पोर नुकतीच खांद्यावर झोपली होती. ती नुसती थोपटत राहिली.

"बोल की," देशमुख म्हणाले. ती गप्प.

"बाई, माफी तरी माग," कारभारी म्हणाला. तरी गप्प.

"अगं, मुकी आहेस का?" देशमुख असे गरजले, की पोर दचकून उठली आणि तिनं सदर डोक्यावर घेतली.

आता तुळसानं तोंड उघडलं. "सरकार, हिनं तुमची झोप मोडली, तुम्ही हिची मोडलीत. गाव सोडायचं तर दोघांनी सोडा. नाहीतर आम्हा बायांची रीत पाळा, ज्यानं उठवलं त्यानं झोपवावं." आणि तिनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

देशमुखांनी कारभाऱ्याकडं पाहिलं. कारभारी आढ्याकडं पाहत होता. मग ते मुकाट्यानं मांडी हलवू लागले. पोरीनं मिशी ओढली, धोतर ओलं केलं आणि झोपली. देशमुखही बसल्या जागी घोरू लागले.

तुळसानं अलगद लेक उचलली.

"पण तू जायचं की राहायचं, ते सरकारांना विचारायचं राहिलं," कारभारी कुजबुजला.

"उठवा आणि विचारा," तुळसा म्हणाली. "मग झोपवायचं मात्र तुम्ही."