ढब्बूचा वाफा

“आणि हे बी फुकट गेलं तर, आपा?”

केतकीने विचारलं तेव्हा तिच्या हातात गव्हाचे नऊ दाणे होते. हातात म्हणजे पडद्यावर. बेटावरचा ऑनलाइन खेळ होता तो. प्राणी पकडायचे, पाळायचे, जगवायचे.

पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेवीस प्राणी गोळा केले. त्यांना खायला घालायचं तर शेत हवं, हे तेविसाव्यानंतर लक्षात आलं. तोवर दाण्यांची टोपली रिकामी. सकाळभर गवतात वणवण केली, तेव्हा एका केसाळ प्राण्याच्या आयाळीत हे नऊ दाणे अडकलेले मिळाले.

नसीमआपा मिरजेच्या, निवृत्त शिक्षिका. बेटावरचे खेळाडू त्यांना विचारल्याशिवाय पेरणी करत नसत. हेडफोनमधून त्यांचा आवाज आला.

“गेलं तर गेलं. पेर.”

“मी कृषी पदवीधर आहे, आपा. आधी जमिनीचा अंदाज...”

“घरी काय लावलंयस?”

“...तुळस.”

“जगली?”

केतकीने दाणे पेरले.

मग झारी उचलली. विहीर ते वाफा, वाफा ते विहीर. माती काही पुरती भिजेना. सातव्या खेपेला पडद्यावरच्या आपा कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

“खोपटात कोण बसलंय गं?”

“ढब्बू. सोंडेनं पाणी मारतो.”

“मग बसवून का ठेवलायस?”

“माझ्या लेकीनं पकडलेला पहिला प्राणी आहे तो. शाळेत जाताना बजावून गेलीय, माझ्या ढब्बूला उपाशी ठेवू नकोस. एक वाजता येईल ती. आधीच अर्धपोटी आहे बिचारा, त्याला कुठं राबवू?... शिवाय सांडतो फार.”

आपांनी हात पुढे केला. केतकीने झारी दिली.

आपांनी ती विहिरीत टाकली.

“आपा!”

आवाजाने ढब्बू दारात आला. विहिरीकडे पाहिलं. वाफ्याकडे पाहिलं. सोंड उचलली... निम्मं पाणी वाटेवर. उरलेलं सगळं एकाच कोपऱ्यात. दोन दाणे वाहून गेले.

केतकीची बोटं बटणांकडे धावली, पडद्यावरची केतकी वाफ्याकडे.

“हात!” आपा म्हणाल्या. पूर्वी वर्गात म्हणत असतील तसंच.

केतकी हातांवर बसली. पदवीधर बाई, भर दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्याच हातांवर.

ढब्बूने पुन्हा सोंड उचलली. या वेळी जरा कमी सांडलं. पुन्हा... पुन्हा...

खेळातलं पीक, भराभर वाढतं. साडेबाराला सात ओंब्या डोलत होत्या. पहिली ढब्बूनेच खाल्ली. कुणाला न विचारता.

“उरल्या सहा,” केतकी म्हणाली. “आणि तोंडं तेवीस. माझ्याच्यानं होईल का हो हे, आपा?”



“हात मोकळे आहेत ना आता?”

केतकीने हात बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या.

“आहेत.”

“मग दुसरा वाफा खण.”